काय गाळायचं, काय राखायचं

राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी फोनच्या पडद्यावर दोन तऱ्हांनी अवतरते. नेट मंद असलं की हे छान बघता येतं. पहिल्या तऱ्हेत ती वरून खाली उलगडते. आधी आभाळाची पट्टी, मग मुकुट, कपाळ, डोळे, मग हातातली कमळं. ज्या कमळावर ती उभी आहे ते सगळ्यात शेवटी. दुसऱ्या तऱ्हेत पूर्ण चौकट एकदमच भरते, पण नुसत्या डागांनी. मध्ये लालसर, भोवती हिरवट आणि राखाडी. क्षणभराने त्या डागांतून उभी आकृती निघते, मग साडीचे काठ सुटे होतात, आणि पापण्यांच्या कडा, दागिन्यांवरचे चमकते बिंदू अगदी अखेरीस येतात. चित्र तेच, बाइटही जवळपास तितकेच. एका फाइलीत माहिती ओळीओळीने भरलेली असते, दुसरीत महत्त्वाच्या क्रमाने. पहिलीला बेसलाइन जेपेग म्हणतात, दुसरीला प्रोग्रेसिव्ह जेपेग.

माझा कौल दुसरीला. चित्रकारसुद्धा आधी रंगांचे मोठे गट मांडून घेतो आणि बुबुळावरचा पांढरा ठिपका हात आवरता आवरता ठेवतो. प्रोग्रेसिव्ह जेपेग नकळत त्याच क्रमाने चित्र पुन्हा घडवतं. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही: चित्र पुरतं आलं की अजून यायचंय, हे बघणाऱ्याला कळत नाही. बेसलाइनमध्ये ते लख्ख कळतं, कारण अर्ध्या देवीला पूर्ण देवी कोणी समजत नाही. तरीही अर्ध्या मुखड्यापेक्षा धूसर का होईना, सबंध मूर्ती मला हवी.

सुरुवातीचे ते डाग कसले, हे कळलं की जेपेगची खरी गोडी लागते. समजा हे चित्र बाराशे पिक्सेल रुंद आणि सोळाशे पिक्सेल उंच आहे. जेपेग त्याचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडतं. आडवे दीडशे, उभे दोनशे, म्हणजे तीस हजार चौकोन. प्रत्येक चौकोनात चौसष्ट पिक्सेल. या चौसष्ट पिक्सेलांच्या जागी जेपेग दुसरेच चौसष्ट आकडे ठेवतं. पहिला आकडा त्या चौकोनाची सरासरी सांगतो, तो एकंदर किती उजळ वा गडद आहे ते. पुढचे त्रेसष्ट आकडे लहरींचे. डावीकडून उजवीकडे एकदाच सावकाश उजळत जाणारी लहर त्यात किती आहे, वरून खाली जाणारी किती आहे, दोन्ही दिशांनी भराभर काळीपांढरी होणारी किती आहे. मंद लहरी आधी, चपळ लहरी नंतर. प्रोग्रेसिव्ह फाइल प्रथम सगळ्या चौकोनांचा पहिला आकडा तेवढा पाठवते. डाग दिसतात ते हेच. 

पिक्सेलांऐवजी लहरी मोजायची ही युक्ती नासिर अहमद यांची. जन्म बंगळुरूचा, अभियांत्रिकीचं शिक्षणही तिथलंच, पुढची कारकीर्द अमेरिकेत. १९७२ साली त्यांनी या कल्पनेवर काम करण्यासाठी तिथल्या नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे अर्थसाहाय्य मागितलं. ते नाकारलं गेलं. काम मात्र त्यांनी सोडलं नाही, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. जेपेग समिती स्थापन झाली १९८६ साली, तिचं मानक मंजूर झालं १९९२ साली, आणि त्याच्या गाभ्याशी याच लहरी आहेत, गणिताच्या भाषेत कोसाइन लहरी. आपण रोज जितके फोटो बघतो त्यांतले बहुतेक या तिघांच्या गणितातून गाळून आलेले असतात. तरी छायाचित्रणाच्या इतिहासावर गप्पा निघतात तेव्हा कॅमेरे आणि भिंगं बनवणाऱ्यांची नावं घेतली जातात, यांची नाही.

पिक्सेलांच्या जागी लहरी ठेवण्याच्या या अदलाबदलीत मात्र काहीच गाळलं जात नाही. चौसष्ट पिक्सेल गेले, चौसष्ट आकडे आले, हिशेब बरोबरीचा. गाळणं होतं पुढच्या पायरीवर, आणि जेपेगची रसिकता तिथेच दिसते. प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्णांकाला आणायचं, बस. कुठल्या आकड्याला कशाने भागायचं याचा एक तक्ता असतो. मानकात नमुन्यादाखल दिलेला उजेडाचा तक्ता मी आवडीने वाचतो. डाव्या वरच्या कोपऱ्यात १६, उजव्या खालच्या कोपऱ्यात ९९. मंद लहरींना हलका हात, चपळ लहरींना जड हात. ९९ने भागल्यावर बहुतेक आकड्यांचं शून्य होतं, आणि शून्यांची लांब रांग साठवायला जागा जवळजवळ लागतच नाही. तक्त्यातले हे आकडे कागदावर सूत्र मांडून आलेले नाहीत. माणसाच्या नजरेला कुठला फरक जाणवतो आणि कुठला निसटतो, हे प्रयोगांनी अजमावून ते बसवले आहेत. डोळ्याच्या मर्यादांचं असं आकड्यांतलं टिपण मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. सेव्ह करताना आपण क्वालिटीची सरकपट्टी हलवतो तेव्हा हाच तक्ता कडक किंवा सैल होत असतो. टॉम लेन यांच्या पुढाकाराने १९९१ साली आलेल्या आणि पुढे जगभर वापरल्या गेलेल्या लिबजेपेग या मोफत प्रणालीत ५० म्हणजे हा मूळ तक्ता जसाच्या तसा, आणि आपण काही सांगितलं नाही तर ती ७५ धरते. ती पंचाहत्तरी अजूनही वाईट नाही.

आता लक्ष्मीकडे वळू. आभाळातला कुठलाही चौकोन घ्या. सरासरी, एखाददुसरी मंद लहर, बाकी शून्य. दागिन्यांवरचा चौकोन घेतला तर मोती, सोनं, त्यावरची चमक यांच्यामुळे अनेक लहरी भागाकारातून वाचतात आणि बाइट खर्च होतात. म्हणजे फाइल आपला पैसा जिथे तपशील आहे तिथे टाकते. रविवर्म्यानेही कष्ट तिथेच घेतलेले असल्यामुळे हा मेळ मोठा सुखद वाटतो. पण फसू नये. मागच्या झाडीतल्या पानापानावरही जेपेग तितकाच खर्च करतं. देवीच्या डोळ्यांत जीव आहे आणि झाडी नुसती पार्श्वभूमी आहे, हे त्याला ठाऊक नाही. त्याला डोळा कळतो, भाव कळत नाही. क्वालिटी वीसपंचवीसवर आणली की गालावरची हळुवार छटा पायऱ्यापायऱ्यांची होते, नितळ कांतीवर चौकोनी ठिगळं उमटतात, आणि झाडी मात्र तशीच छान दिसत राहते. बघणारा तिचा मुखडा बघतो, त्यामुळे सगळं चित्रच बिघडल्यासारखं वाटतं.

साडीची गोष्ट वेगळी. चौकोन पाडण्याआधीच जेपेग उजेड आणि रंग वेगळे काढतं. उजेडातला बारीक फरक डोळ्याला चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. म्हणून उजेड प्रत्येक पिक्सेलचा ठेवायचा आणि रंग मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच, असा प्रघात आहे. या एका सवलतीत अर्धी माहिती पहिल्याच फटक्यात कमी होते आणि बहुतेक चित्रांत कोणाला पत्ताही लागत नाही. चोखंदळाने पत्ता काढायचा तो लाल रंगाच्या कडेवर. पदराची लाल कड हिरव्या पार्श्वभूमीला जिथे भिडते तिथे झूम करा. लाल रंग किंचित पाझरलेला दिसेल, ओल्या कापडाचा रंग सुटावा तसा.

या चित्राच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला हललेला तो छापखाना दगडावरून छापायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि गालावरची छटा आणायची ती दगडावर हाताने टिपलेल्या बारीक ठिपक्यांनी. म्हणजे मूळ छापच ठिपक्यांचा. ठरावीक अंतरावरून डोळा ते मिसळून घेतो, हा त्या कारागिरांचा भरवसा होता, आणि जेपेगचा भरवसाही त्याच जातीचा. दोन भरवसे एकमेकांवर येतात तेव्हा मात्र चित्राचं माप निर्णायक ठरतं. चार हजार पिक्सेल उंचीच्या स्कॅनमध्ये ठिपका ठिपका सुटा दिसतो आणि मौज येते. फाइल जड होते, कारण प्रत्येक ठिपका म्हणजे चपळ लहरींची गर्दी. सहाशे पिक्सेलवर नीट आणलेल्या प्रतीत ठिपके विरघळून गाल गुळगुळीत होतो, आणि फाइल हलकी. घोटाळा अधल्यामधल्या मापांत. तिथे ठिपके पिक्सेलच्या मापाला येऊन भिडतात आणि गालावर मुळात नसलेल्या लाटा उठतात. चित्र लहान करताना शेजारच्या पिक्सेलांची सरासरी न घेता मधले पिक्सेल नुसते टाकून दिले, तर या लाटा हमखास. जुन्या छापाचा फोटो वेबवर चढवणाऱ्याने कुठलं माप निवडलंय त्यावरून त्याने तो छाप डोळे भरून पाहिलाय की नाही, ते मला कळतं.

मापाबद्दल लोकांच्या डोक्यात एक पक्का गैरसमज बसलेला आहे: वेबसाठी ७२ डीपीआय (म्हणजे दर इंचाला ठिपके), छपाईसाठी ३००. फ्लेक्स छापणाऱ्या दुकानापासून मासिकाच्या कचेरीपर्यंत सगळीकडे हे ऐकू येतं. छपाईपुरतं त्याला अर्थ आहे. ब्राउझर तो आकडा बघत नाही. तो बघतो फक्त पिक्सेल किती रुंद, किती उंच. तीन हजार बाय चार हजार पिक्सेलचं चित्र ७२ डीपीआय करून चढवलं तरी ते सव्वा कोटीच्या आसपास पिक्सेलचंच राहतं. ते तीनशे बाय चारशेच्या चौकटीत बसवलं तर शंभरातला एकच पिक्सेल कामी येतो. फोन मात्र आधी सगळं उतरवून घेतो, मग उलगडतो, आणि उलगडल्यावर दर पिक्सेलला चार बाइट या हिशेबाने स्मरणात अठ्ठेचाळीस मेगाबाइट जागा अडवतो. फाइल पाच मेगाबाइटची होती, हे त्या वेळी उपयोगाचं नसतं. आता फोनचे पडदे दाट असतात, तेव्हा सहाशे बाय आठशेची प्रत ठेवली तर ती रास्त. एकाच चित्राच्या तीनचार मापांची यादी पानात लिहून द्यायची आणि ब्राउझरला आपल्या पडद्याजोगी उचलू द्यायची, ही सोय कित्येक वर्षांपासून आहे. सगळेच ती वापरतात असं नाही.

चित्राची रुंदी-उंची पानात लिहून ठेवण्याची साधी शिस्तही तशीच. ती लिहिली असेल तर चित्र येण्याआधीच ब्राउझर तेवढी जागा राखून ठेवतो. २०१९-२०पासूनचे ब्राउझर तर त्या दोन आकड्यांवरून प्रमाण काढून लहान पडद्यावरही बरोबर जागा सोडतात. लिहिली नसेल तर वाचता वाचता चित्र मध्ये घुसतं, ओळ खाली पळते आणि अंगठा भलत्याच जाहिरातीवर पडतो.

जेपेगचं इतकं कौतुक करून झाल्यावर त्याची फजिती कुठे होते तेही पाहायला हवं. ती होते लग्नपत्रिकेत. हळदीच्या रंगावर लाल अक्षरं, वर गणपती, आणि सगळं जेपेग करून फोनवरून धाडलेलं. देवनागरी आणि जेपेग यांचं नातं मला फार मजेशीर वाटतं. शिरोरेषा एकदम सरळ आडवी, त्यामुळे तिच्या चौकोनात आडव्या दिशेने काहीच बदलत नाही. चौसष्टांतले छप्पन्न आकडे आपोआप शून्य. शिरोरेषा जेपेगला स्वस्त पडते. पण रेघ बारीक आणि कडक असल्यामुळे उरलेल्या आठांत चपळ लहरी असतात, त्या भागाकारात दुखावल्या की रेघेच्या वरखाली तिच्या फिकट सावल्या पडतात. वळणदार अक्षरांभोवती त्याच कारणाने धुरळा दिसतो. सगळ्यात हाल अनुस्वाराचे. एकटा बारीक ठिपका गणिताच्या भाषेत सगळ्या लहरींचा थोडाथोडा मेळ असतो, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक तक्त्याच्या जड बाजूला पडतात. ठिपका फिकटतो, पसरतो. एकदा सेव्ह केल्याने नाव बिघडत नाही. पुन्हा त्याच मापात, त्याच क्वालिटीत सेव्ह केलं तरी फारसं बिघडत नाही, कारण भागाकार एकदा होऊन गेलेला असतो. बिघडतं ते कोणी कड कापून, कोणी लहान करून पुढे पाठवतो तेव्हा. चौकोनांची जाळी सरकते आणि नव्या जागी नवा भागाकार होतो. पाचसहा हात फिरून आलेल्या पत्रिकेत भांगेचा भाग झालेला असतो आणि रफार कुठल्या अक्षराचा होता ते अंदाजाने वाचावं लागतं.

तिथे पीएनजी हवं. पीएनजी काहीच गाळत नाही. डावीकडचा, वरचा, तिरपा शेजारी बघून पुढचा पिक्सेल काय असेल याचा ते अंदाज बांधतं आणि अंदाज चुकला तेवढंच लिहून ठेवतं. सपाट हळदी रंगात अंदाज चुकतच नाही, म्हणून पत्रिका लख्खही राहते आणि हलकीही. हेच पीएनजी लक्ष्मीच्या छापाला लावलं तर ठिपक्यांपुढे सगळे अंदाज फसतात आणि फाइल कित्येक मेगाबाइटांवर जाते. आपल्याकडे व्यवहार नेमका उलटा चालतो: पत्रिका जेपेगमध्ये, आणि फोटोचे स्क्रीनशॉट पीएनजीमध्ये.

पीएनजी जन्माला आलं ते भांडणातून. १९८७च्या जीआयएफमध्ये वापरलेल्या दाबण्याच्या रीतीचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं, आणि १९९४च्या अखेरीस परवान्याची मागणी पुढे आली. चिडलेल्या प्रोग्रामरांनी नवा प्रकार रचला आणि १९९६ साली तो मान्य झाला. बिचाऱ्या जीआयएफला २५६ रंगांपलीकडे मजल नाही, तरी सुरुवातीच्या वेबवर छायाचित्रंही त्यातच असत. सर्न या संशोधनसंस्थेतल्या गाणाऱ्या चौघींचं १९९२ सालचं छायाचित्र, जे वेबवरच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत गणलं जातं, ते जीआयएफच होतं. युनिकोड सगळीकडे पोचण्याआधी मराठी मजकूरही अनेकदा चित्र करून चढवला जाई. अक्षरं स्वच्छ दिसत, पण शोधता येत नसत आणि कॉपीही करता येत नसत. गुगलचं वेबपी आणि नंतरचं एव्हीआयएफ हे व्हिडिओच्या तंत्रातून आलेले नवे प्रकार जेपेगपेक्षा बरंच कमी जागेत तितकंच चित्र देतात. त्यांचं गाळणंही निराळं आहे: चौकोनी ठिगळं दिसत नाहीत, त्याऐवजी पोत पुसला जातो. कांती मेणाची वाटते. वाईट जेपेग आपली वाईट अवस्था लपवत नाही, वाईट एव्हीआयएफ नटून येतं. यात मला जेपेगचा प्रामाणिकपणा बरा वाटतो, पण तो माझ्या वयाचा दोष असेल.

या गाळण्याचा जाणीवपूर्वक सौंदर्य म्हणून वापर करणारं एक पान बघण्यासारखं आहे. क्रिस डी डेकर यांच्या ‘लो-टेक मॅगझिन’ची २०१८ साली सुरू झालेली आवृत्ती बार्सिलोनातल्या सौरपट्टीवर चालते. आभाळ फार दिवस झाकोळलं तर पान बंद पडतं, आणि बॅटरीत किती वीज उरली ते पार्श्वभूमीच्या पिवळ्या रंगाच्या उंचीवरून वाचकाला दिसत राहतं. तिथली चित्रं मोजक्या करड्या छटांत आणून, ठिपक्यांत विखरून, पीएनजी करून ठेवलेली असतात. रंग फाइलीत नसतोच, लेखाच्या विषयानुसार ब्राउझर तो वरून चढवतो. जुन्या संकेतस्थळाच्या तुलनेत चित्रांचा भार सुमारे दहापट उतरला, असा त्यांचा हिशेब.

हिशेबावर मी थोडा अडतो. विखुरलेले ठिपके पीएनजीच्या अंदाजांना दाद देत नाहीत. त्याच मापाचं, त्याच करड्या रंगातलं, कडक तक्ता लावलेलं जेपेग कदाचित तितकंच हलकं झालं असतं. पण ते बिघडलेलं दिसलं असतं. कडक तक्त्याच्या जेपेगमध्ये गरिबी लपवण्याची धडपड दिसते. ठिपक्यांचं चित्र कमी आहे हे पहिल्या नजरेत सांगून मोकळं होतं, आणि मग डोळा तक्रार न करता मळवलीच्या छापापुढे करायचा तेच काम इथे करतो. निवड वजनाची कमी आणि दिसण्याची जास्त आहे, आणि मला ती पटते. ज्याला पटत नाही त्याच्यासाठी चित्राखाली मूळ प्रत बघण्याचं बटण आहे. ते दाबलं की रंगीत फोटो उतरतो, आणि त्याची वीज दाबणाऱ्याच्या नावावर.